घनता भागिले घनता

दादा, काल मी तुझ्या क्लासवर गेले होते. पंचवटीतला तो अरुंद जिना, खाली भांड्यांचं दुकान, वर तुझ्या दोन खोल्या. तू असतास तर मला दारात बघून म्हणाला असतास, "कॉलेजवाले आज इकडे कुठे वाट चुकले?" काल तसं म्हणायला कुणी नव्हतं. मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले.

तुझा जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, संगीतावहिनीच्या घरातल्या भाड्याच्या खुर्च्याही गेल्या. विधीच्या दिवशी पुष्कळ जण तुझ्याबद्दल बोलले. हसतमुख होता, पोरांसाठी झटायचा, कुणाचं मन दुखवायचा नाही. मी मागे बसून ऐकत होते. कुणाचं मन दुखवायचा नाहीस हे खरं नाही. माझं पुष्कळदा दुखवलंस, आणि मीही तुझं. मला त्या भांडणाबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे. दुसरं कुणी ते ऐकूनही घेणार नाही. बहीण-भाऊ जन्मभर कशावरून भांडले, तर पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडाच्या ठोकळ्यावरून! सांगायलाही लाज वाटते.

सुरुवात मात्र भांडणाची नव्हती. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पागोळ्यांखाली आपलं पत्र्याचं पिंप असायचं. तू बारावीला होतास, मी नववीत. इगतपुरीचा पाऊस म्हणजे शाळा बंद, गाड्या उशिरा, कपडे चुलीशेजारी वाळत घातलेले. मला 'तरंगणे' हा धडा काही केल्या कळत नव्हता. वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे वाक्य मी पाठ केलं होतं आणि त्यातलं एक अक्षर समजलं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, येत नसेल तर तेवढं पाठ करून टाक. तू म्हणालास, "पाठ करू नकोस. भाताचं मोठं पातेलं आण."

मी आणलं. तू ते पिंपात अलगद सोडलंस. मग आईचा वरवंटा आणून त्यात आडवा ठेवलास. पातेलं झपकन खाली गेलं, काठाला जरा पाणी लागलं, पण बुडालं नाही. तू पिंपाच्या आतल्या बाजूला खडूने पाण्याची खूण केलीस.

"आता हा वरवंटा पातेल्यातून काढून पिंपात टाकला, तर पाणी या खुणेच्या वर जाईल, खाली जाईल की तिथंच राहील?"

"वर," मी म्हणाले. "दगड पाण्यात टाकला की पाणी वर येणारच ना."

"पैज?"

"पैज."

तू वरवंटा सोडलास. डुबुक झालं. आपण दोघं वाकून बघत होतो. पाणी हेलकावे खात स्थिर झालं आणि खुणेच्या खाली राहिलं. मी म्हणाले, तू खूण पुसलीस. तू म्हणालास, "हात बघ माझे, खडू लागलाय का." मग त्या ओल्या ओट्यावर बसून तू मला समजावलंस. वरवंटा पातेल्यात होता तेव्हा त्याचं सगळं ओझं पाण्यावर होतं. ते ओझं पेलायचं तर तेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि दगड जड, म्हणून पाणी पुष्कळ सारावं लागतं. तळाशी गेल्यावर ओझं पिंपाच्या बुडावर गेलं. आता वरवंटा फक्त स्वतःच्या अंगापुरती जागा अडवतो. मी ते पुन्हा सांग म्हणाले, तू पुन्हा सांगितलंस. मी पुन्हा विचारलं, तू पुन्हा सांगितलंस. मग एकदम कळलं. दादा, ते कळणं मी विसरले नाही. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका झाले ती त्या ओट्यावर, बी.एड.च्या वर्गात नाही.

पुढे वरवंटा काढायचा कुणी हा प्रश्न आला. पिंपाच्या तळापर्यंत हात पोचेना. तू डोकं खाली करून आत वाकलास, तुझे पाय वर गेले, आणि नेमकी आई बाहेर आली. तिने किंचाळून तुझे पाय धरले आणि तुला मुळ्यासारखं वर उपटून काढलं. तुझ्या हातात वरवंटा होता. आईने आधी तुला मारलं, मग जवळ घेतलं, मग वरवंटा धुवायला नेला.

असा होतास तू. म्हणूनच पुढे मला ते सहन झालं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर तू कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंस. या कॉलेजात सकाळी, त्या कॉलेजात दुपारी, एक स्कूटर आणि जेवणाचा डबा. जागा निघायच्या आणि भरल्या जायच्या, तुझं नाव यादीत कुठंतरी शेवटी राहायचं. मला मात्र पहिल्या झटक्यात कायम नोकरी लागली. तू पेढे वाटलेस, सगळ्या कॉलनीत फिरलास, "माझी बहीण प्राध्यापिका झाली" म्हणून. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं हे मी विचारलं नाही. तू सांगितलंही नसतंस. नंतर तू कंटाळून क्लास काढलास. सुरुवातीला मूठभर पोरं, मग जिन्यावर चपलांना जागा पुरेना. सगळी सीईटीची पोरं. माझ्याच कॉलेजातली किती तरी सकाळी माझ्यासमोर जांभया द्यायची आणि संध्याकाळी तुझ्यासमोर टक्क जागी असायची. हे मला बोचत होतं, नाही असं नाही.

मग तो निफाडचा दिवस. आत्याच्या नातवाचं लग्न होतं आणि तुला क्लासवरून घेऊन सगळ्यांनी माझ्या गाडीतून जायचं ठरलं होतं. वहिनी खाली गाडीत बसली, मी जिना चढून तुला बोलवायला आले. दार अर्धं उघडं होतं. तू फळ्यावर पाण्यात अर्धवट बुडालेला ठोकळा काढला होतास आणि म्हणत होतास, "लाकडाची घनता पाण्याच्या सहा दशांश, तर लाकूड किती बुडेल?" पोरं ओरडली, "सहा दशांश!" "बर्फ?" "नऊ दशांश!" "कसं काढायचं?" आणि सगळा वर्ग एका सुरात, पाढे म्हणावेत तसा, "घनता भागिले घनता!" तू हसत होतास. वजन नाही, प्लावक बल नाही, बलं दाखवणारे बाण नाहीत, काही नाही. नुसता भागाकार.

मला काय वाटलं सांगू? कुणीतरी आपला माणूस उचलून नेलाय आणि त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा उभा केलाय असं वाटलं.

गाडीत बसल्याबसल्या मी सुरू केलं.

"दादा, हे काय शिकवतोस तू?"

"काय शिकवतो?"

"घनता भागिले घनता. का ते विचारलं तर एकाला तरी सांगता येईल का?"

"पेपरात 'का' नसतं शालू. चार पर्याय असतात, आणि मिनिटभरसुद्धा वेळ नसतो."

"मला असं शिकवलं होतंस का तू?"

"तू एकटी होतीस," तू म्हणालास. "आणि तुला अख्खा पावसाळा होता."

आजूबाजूला द्राक्षबागा मागे जात होत्या. वहिनी पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तू म्हणालास, "तुमच्याकडे 'का'पासून सुरू होतं. निम्मी पोरं तिथंच गार होतात. आधी उत्तर येऊ दे. उत्तर आलं की पोराला वाटतं, आपल्याला जमतंय. मग ते बसतं. बसलं की पुढचं शिकवता येतं."

"पुढचं म्हणजे पुढचा पाढा."

"कायम नोकरीवाल्यांना तत्त्वं परवडतात," तू म्हणालास.

आणि मी म्हणाले, "दुकान काढलंस दादा तू."

लग्नात आपण वेगवेगळ्या रांगांत बसलो. वहिनी कधी तुझ्याकडे, कधी माझ्याकडे जाऊन बसत होती.

त्यानंतर आपण बोलायचे थांबलो असं नाही. दर रविवारी जेवायला येणं, आई होती तोवर तिच्या औषधपाण्याचं, बुद्धजयंतीची खीर, सगळं चालूच होतं. भांडणही चालू होतं, पण आता त्यात मजा होती. तू ताटावर बसल्याबसल्या विचारायचास, "काय प्राध्यापक, आज किती बाण काढले?" मी म्हणायचे, "तू किती पाढे घेतलेस?" मी तुला कोडी घालायचे. वर तेल, खाली पाणी, मधे ठोकळा, आता कर भागाकार. तू भाकरी मोडत म्हणायचास, "हे सीईटीला येत नाही." मला वाटायचं, जिंकले. तू वाद घालायचास, चिडवायचास, पण तुझ्या वर्गात नेमकं काय चालतं याबद्दल एक अक्षरही काढायचा नाहीस. मला ते तेव्हा जाणवलं नाही.

माझी सायली दहावी झाली तेव्हा तू पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलास. चहा झाला. तू तिच्या डोक्यावर टपली मारलीस आणि मला म्हणालास, "अकरावीपासून हिला माझ्याकडे पाठव. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी. रिक्षानं येईल, परत मी सोडत जाईन."

मी म्हणाले, "नको दादा. तिला पाठांतराची सवय नको लागायला. मीच बघेन तिचं."

तू एरवी केवढा वाद घातला असतास. भाची आहे माझी, म्हणाला असतास. माझ्या क्लासला काय धाड भरलीय, म्हणाला असतास. मी तयारच होते. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "बरं." मग सायलीला म्हणालास, "पेढा खा की गं." नंतर आयपीएलचं बोलत बसलास.

त्या 'बरं'वर मी तेव्हा खूश झाले होते दादा. मला वाटलं, तुला पटलं.

तू गेलास त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. मुलं व्हर्नियरची मापं घेत होती. फोनवर वहिनी नुसती "ताई, ताई" म्हणत होती, मग शेजारच्यांनी फोन घेतला. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. आदल्या संध्याकाळी तू नेहमीसारखा क्लास घेतला होतास. अमरधामला तुझी पोरं आली, पाठीवर सॅका तशाच. त्रिशरण म्हणताना त्यांतल्या कित्येकांना शब्द येत नव्हते. ती हात जोडून आमच्या ओठांकडे बघत होती.

विधी झाल्यावर वहिनी म्हणाली, "पोरांचे सारखे फोन येतायत. परीक्षा तोंडावर आहे. कुणी दुसरा मास्तर मिळेपर्यंत तुम्ही जाल का?" तुझ्या फळ्यासमोर उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. सायली म्हणाली, "आई, जाऊ या. मी पण येते." म्हणून गेलो.

फळा कुणी पुसला नव्हता. ठोकळा, पाण्याची रेघ, आणि तुझ्या त्या घाईच्या अक्षरात 'घनता ÷ घनता'. मी तो बघितला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला. शेवटच्या दिवशीही तेच, म्हटलं मनात. पोरं उभी राहिली. मी बसा म्हटलं. सायली मागच्या बाकावर जाऊन बसली. मी डस्टर उचलला आणि म्हणाले, "आपण हा धडा पहिल्यापासून करू. हे सूत्र आज बाजूला ठेवू या."

वर्गात चुळबूळ झाली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रेश्मा तिचं नाव. पेठ तालुक्यातल्या खेड्यातली आहे, इथं मुलींच्या वसतिगृहात राहते. ती म्हणाली, "मॅडम, पुसू नका ना. सर बोलले होते, उद्या हे आपल्याला मोडायचं हाय."

"मोडायचं म्हणजे?"

"ही युक्ती जिथं फसते अशी एक तरी जागा घरून शोधून आणा, असं सांगितलं होतं. आम्ही आणली हाय."

मी डस्टर खाली ठेवला. मागून एक मुलगा म्हणाला, "सर दरवर्षी असंच करतात मॅडम. माझा मोठा भाऊ त्यांच्याकडेच होता. पहिल्या दिवशी युक्ती, दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानातून स्टीलची वाटी आणून टबात सोडतात. म्हणतात, करा भागाकार. स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट, मग वाटी आठपट बुडते का रे?" पोरं हसली आणि लगेच गप्प झाली. त्यांना वाटलं असावं, आज हसणं बरं नाही.

दादा, त्यांनी गृहपाठ केला होता आणि तो तपासायला कुणी आलं नव्हतं. ती तो मनात धरून बसली होती. मी म्हणाले, "सांगा."

एकाने सांगितलं, रिकामी बाटली आणि निम्मी भरलेली बाटली सारखी बुडत नाही. एकीने सांगितलं, ठोकळ्यावर बेडूक बसला तर उत्तर बदलतं, पण लाकडाची घनता तीच राहते. एकाने थर्माकोल दोरीने तळाला बांधला होता. मग रेश्मा म्हणाली, "आमच्याकडे विहिरीत कळशी टाकतो ना मॅडम. सरळ पडली की तरंगती. हिसका देऊन तोंड तिरकं केलं की पाणी आत शिरतं नि बुडती. कळशी तीच, पत्रा तोच. मग भागाकार कुणाचा करायचा?"

मी इतकी वर्षं बाण काढून हा धडा शिकवते आहे. माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बाण इतके नीट काढून देत होते की विचारायला काही उरतच नसावं.

मग मी शिकवलं. कळशी काढली. तिचं वजन खाली, पाण्याचा रेटा वर. तरंगते म्हणजे दोन्ही सारखे. रेटा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आणि वजन कुणाचं धरायचं? नुसत्या पत्र्याचं नाही, पत्रा आणि त्याच्या पोटातली हवा, दोघांचं मिळून. पाणी आत शिरलं की पोटात हवेऐवजी पाणी, म्हणून वजन वाढलं. बेडूक बसला की बेडकाचं वजन आलं. दोरी बांधली की दोरीची ओढ खाली. दर वेळी चित्र, दर वेळी बाण. सगळ्यात शेवटी साधा भरीव ठोकळा घेतला, ज्यावर कुणी बसलेलं नाही आणि ज्याला कुठं बांधलेलं नाही. दोन्ही बाजू मांडल्या, दोन्हीकडचं गुरुत्व गेलं, आणि उरलं काय? पोरं एका सुरात म्हणाली. ओरडली नाहीत, हळू म्हणाली. "घनता भागिले घनता."

मला वाटतं, तूही तिथंच आणून सोडत असशील. खात्री नाही.

एक सांगते, खोटं बोलणार नाही. युक्ती पहिल्या दिवशी द्यावी हे मला अजूनही पटलेलं नाही. जे पोर दुसऱ्या दिवशी आजारी पडलं, गावाला गेलं, त्याचं काय? ते जन्मभर भागाकारच करत राहणार. तू समोर असतास तर मी हे टेबलावर हात आपटून सांगितलं असतं, आणि तू म्हणाला असतास, "तुझ्या वर्गातलं पोर पहिल्याच दिवशी झोपलं, त्याचं काय?" आपलं हे भांडण खरं म्हणजे आत्ता कुठं सुरू व्हायला हवं होतं. इतकी वर्षं भांडलो ते दुसरंच काहीतरी होतं. मी तुझ्या अर्ध्या शिकवण्याशी भांडत होते आणि तू मला तसं भांडू देत होतास.

का भांडू दिलंस? निफाडच्या रस्त्यावर एवढंच म्हणायचं होतं, "उद्या ये." दोन शब्द. तू तत्त्वं परवडण्याचं बोललास, पण हे नाही बोललास. मी दुकान म्हटलं तेव्हाही नाही. सायलीला नको म्हटलं तेव्हाही नाही.

क्लास सुटल्यावर किल्ली द्यायला वहिनीकडे गेले तेव्हा मी तिला विचारलं. म्हटलं, "दादा दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शिकवायचा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. वाट्या आमच्याच घरात येऊन पडायच्या. बघा ना, किती झाल्यात."

"मग मला कधी सांगितलं नाही कुणी?"

ती भाजी निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी म्हणायचे त्यांना, ताईंना बोलवा एकदा, बघू दे त्यांना. तर म्हणायचे, बोलावून नाही. शालूनं आपणहून येऊन मागच्या बाकावर बसावं. मी लहानपणी तिला एवढं शिकवलं, तर मी काय शिकवतो हे बघायला तिला एकदा यावंसं वाटू नये का?"

दादा, मला यावंसं वाटलं होतं. हे तुला कुणी सांगायचं? दोनदा तर पंचवटीत भाजी घ्यायला आले होते, तेव्हा जिन्यापाशी थांबले होते. पण मला वाटायचं, तू बोलवावंस. म्हणजे मग मला म्हणता आलं असतं की तू बोलावलंस म्हणून आले. तू वर वाट बघत होतास, मी खाली उभी होते, आणि मधे एक जिना होता. दोघांनाही कुणीतरी समोरच्याने हलावं असं वाटत होतं. आईवर गेलो दोघंही, दुसरं काय.

सायलीला तुझ्याकडे पाठवलं असतं तर ती दोन्ही दिवस बसली असती. घरी येऊन तिनेच मला सांगितलं असतं, आई, मामानं आज वाटी आणली होती. मी रविवारी तुझ्यासमोर ताट ठेवून म्हणाले असते, "चोरा." इतकं सोपं होतं ते. तुझ्या त्या 'बरं'मध्ये किती काय होतं हे आता मोजता येत नाही. एवढं कळतं की तुला पटलं नव्हतं, तुला लागलं होतं.

मी आता परीक्षेपर्यंत तुझा क्लास घेणार आहे. वहिनीला तसं सांगितलं. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जाईन. पोरं चांगली आहेत. प्रश्न विचारतात, एकमेकांची उत्तरं खोडतात, मी फळ्यावर चूक केली तर न घाबरता सांगतात. हे तू केलंस. ते मी तुझ्या हयातीत बघितलं असतं तर तुझ्या तोंडावर म्हणाले असते. खरंच म्हणाले असते का? बहुतेक थोडं आडवळणानं, चिडवत. पण तुला कळलं असतं.

काल परत येताना सायली स्कूटरवर मागे बसली होती. पुलावर गर्दी होती, भाजीबाजार सुटत होता, रिक्षा आडव्यातिडव्या घुसत होत्या. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आई, कळशीचं तू छान सांगितलंस. मामानं कसं सांगितलं असतं?"

मी म्हणणार होते की असंच. तोंडावर आलं होतं. मग थांबले. तुझ्या शिकवण्याबद्दल मी कॉलेजात बोलले, घरी बोलले, लग्नात बोलले, तुझ्या तोंडावर आणि तुझ्या माघारी बोलले. माझ्याइतकी मतं तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणाची नसतील. आणि माझ्या लेकीने साधा एक प्रश्न विचारला.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "मी त्याचा तो तास कधी बघितला नाही."